पिकण्याची वाट

कळपातलं आपलं मेंढरू ओळखण्यात बिरूचा हात धरणारा हर्सूलच्या बाजूला कुणी नव्हता. गंगापूरकडचा चारा आधीच्या दुष्काळात संपला, हर्सूलचं तळं आटलं, कडेचं गवत प्लॉटवाल्यांनी मुरुमाखाली गाडलं; तरी म्हातारा उरलीसुरली मेंढरं घेऊन शहराच्या कडेकडेनं हिंडत राहिला. वरून ऊन, आणि डंपरांची धूळ फुकटात.

उजवा डोळा लहानपणीच बाभळीच्या काट्यानं गेलेला. उरलेल्या डाव्यात नाकाकडून गुलाबी मांस सरकत बुबुळाकडं निघालं, तेव्हा त्याची बायको रत्नमाला म्हणाली, "मोतीबिंदू हाये. माझ्या आईला नव्हता का? डाक्टर म्हणला व्हता, पिकू द्या, मंग काढू. कच्चा काढत नाय."

मोतीबिंदू आत असतो, हे मांस तर वर दिसत होतं. पण हे सांगणार कोण? आंब्याची पाहावी तशी दोघांनी डोळ्याची वाट पाहिली. पिकेपर्यंत उन्हात जायचं नाही, हेही तिनंच ठरवलं. बिरू पालात बसला आणि मेंढरांमागं ती जाऊ लागली. दोन उन्हाळे असेच गेले. बायकोच्या जिवावर बसून खायची त्याला लाज वाटे, पण एकुलत्या डोळ्यापुढं लाजेचं काय चालणार?

मग मांस बुबुळावर चढलं. बायकोचं तोंड दिसेनासं झालं, तेव्हा 'पिकलं' म्हणून दोघं सरकारी दवाखान्यात गेली. वरातीमागून घोडं, दुसरं काय!

डॉक्टर गजाला तरुण होती आणि याच दुखण्यावर तिचा अभ्यास चालला होता. बॅटरी मारून तिनं डोळा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, हे पिकत नसतं हो! हा नाखुना आहे, डोळ्यावर वाढणारं मांस. छोटा होता तेव्हाच यायचं. आता काढते, पण डाग राहणार. आणि उन्हात गेलात तर परत वाढेल."

रत्नमालेनं पदर तोंडात कोंबला. बिरूनं विचारलं, "समदं काढलं तरी परत?"

"तुम्ही मेंढरांवर रंगाची खूण करता ना? मेंढरू तेच, पण खुणेवरून त्याचं ठरतं, कुणाच्या कळपात जायचं. तसंच डोळ्याच्या पेशीत जन्माचे हुकूम असतात. हुकूम बदलत नाहीत. पण ऊन, धूळ त्यांच्यावर वर्षानुवर्षं खुणा करत असावीत, असं आम्हाला दिसतंय. 'वाढू नको' या हुकमावर खूण बसली की तो मुका होतो आणि मांस वाढत सुटतं. मी मांस काढीन. आजूबाजूच्या खुणा राहतील."

"मंग पुसा की. आमची तर लोकर कातरली की जाती."

"तेच शोधतोय, बाबा. अजून औषध हाती नाही."

मांस निघालं. पट्टी सुटली, उन्हासाठी काळा चष्मा मिळाला. पालाच्या सावलीत आल्यावर बिरूनं तो काढला. धुरकट का होईना, दिसत होतं. रत्नमाला अगदी जवळ बसून हसत होती. आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत, नाकाच्या बाजूला, तेच गुलाबी मांस होतं.

बिरूनं तिची हनुवटी उजेडाकडं वळवली.

"कवापासनं?"

"मागच्या उन्हाळ्यापासनं. म्हणलं, आधी तुमचं व्हऊ द्या."

"उद्यापासनं म्या जातो मेंढरांमागं."

"आन परत वाढलं तर? माझे दोन हायेत. तुमचा एकच."

 सकाळी ती निघाली तेव्हा त्यानं काळा चष्मा तिच्या नाकावर चढवला. ती लाजली, पण घालून गेली.

थोड्याच वेळात परत आली. रस्त्यावर शेजारच्या कडुबाचा कळप आपल्या कळपात मिसळला होता. मेंढरं सगळी काळी. आपली खूण लाल, त्याची हिरवी.

"ह्यातनं खूण दिसत नाय," म्हणत तिनं चष्मा बिरूच्या हातात ठेवला, पदर कपाळावर ओढला आणि चालू लागली.

बिरू सावलीत बसून ती उन्हात दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला, तिनंच राखलेल्या डोळ्यानं.