हिरवी-पिवळी वायर

गिल्बर्ट काउईने शेवटचा स्क्रू काढून बशीत टाकला आणि पत्र्याचे झाकण उचलले. जळक्या रबराचा वास त्याच्या दुरुस्तीच्या दुकानभर पसरला.

"हाच तो वास," नेटा म्हणाली. "तीन दिवस डार्करूममध्ये हाच वास येतोय. आणि दिवा असा, की आत्ता लख्ख तर आत्ता मंद. बेन फ्लेटचं तोंड एकदा पांढरंफटक आलं, एकदा काळंठिक्कर. त्याच्या आईच्या हातात असला फोटो देऊ मी?"

गिल्बर्टने टॉर्च आत धरला. त्याच्यासमोर एन्लार्जरचा पॉवर सप्लाय उघडा पडला होता. बुटाच्या खोक्याएवढी ती पोलादी पेटी. निगेटिव्हवरचा चेहरा कागदावर मोठा करून टाकणाऱ्या दिव्याला तिच्यातून वीज मिळायची. नेटाचा नवरा इनिस स्लेटर हा बकी गावातला एकुलता एक फोटोग्राफर. तो नोव्हेंबरात गेला. जानेवारीत बेन फ्लेटची बोट बेनसकट पाच माणसांना घेऊन बुडाली. दोन प्रेते किनाऱ्याला लागली, तिघांचा पत्ता नव्हता. रविवारी चर्चमध्ये प्रार्थना होती आणि शवपेट्यांच्या जागी पाच मोठे फोटो ठेवायचे ठरले होते. निगेटिव्ह होत्या, इनिसने गेल्याच उन्हाळ्यात धक्क्यावर उभे करून पाचही जणांचे फोटो काढले होते. छापणार कोण, तर नेटा. तीस वर्षे नवऱ्याच्या शेजारी उभी राहून ती कागद धूत आली होती.

"सापडलं का काही?"

"बघतोय."

त्याला सापडले होते. वीज आणणारी तपकिरी वायर पेटीच्या कडेला घासून सोलली गेली होती आणि तेवढ्या जागी पत्रा काळा पडला होता. ते वाईटच; पण जुन्या यंत्रांत तसे होते, आणि तसे झाले तर वीज जमिनीत जाऊन माणूस वाचावा म्हणून हिरवी-पिवळी अर्थिंगची वायर असते. तिचे टोक पेटीच्या तळाशी स्क्रूने आवळलेले असायला हवे होते. ते मोकळे लोंबत होते. टोकाची कडी शाबूत होती, वायर कुठे तुटली नव्हती. कुणीतरी ती सोडवली होती आणि परत बसवायची राहिली होती.

त्याने झाकण उलटे केले. आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिले होते: गि. का., ११ मार्च. काम झाले की झाकणाच्या आत तारीख टाकायची, ही त्याचीच सवय.

नेटा खिडकीतून बंदराकडे बघत होती. ओहोटी होती. बोटी चिखलात कलंडल्या होत्या.

"नेटा, ह्या पेटीला हात लावल्यावर तुला कधी झटका बसला?"

"मला कसा बसेल? मी कोपरापर्यंत रबरी मोजे घालते. त्या औषधांनी बोटं सोलवटून निघतात माझी. इनिस नाही घालायचा. म्हणायचा, मोजे घातले की कागद हाताला कळत नाही." ती वळली. "का रे?"

"वायर सोललीये आत. मी दुपारी घेऊनच येतो. तोवर तिथलं काही चालू करू नकोस."

"तीनपर्यंत ये. आणि चहा माझ्याकडे घे. तुझा चहा म्हणजे बोटीच्या तळातलं पाणी." तिने रुमाल डोक्याला बांधला आणि दारावरची घंटा वाजवत ती बाहेर पडली.

गिल्बर्टने दार आतून लावून घेतले. मग पेटीला वीज जोडली, मीटरची एक टोकदार सळई पेटीच्या पत्र्याला टेकवली, दुसरी पाण्याच्या नळाला. काटा उचलला गेला तो थेट दोनशे चाळीस व्होल्टवर जाऊन थांबला. त्याने वीज बंद केली. पुन्हा चालू केली. काटा पुन्हा तिथेच गेला.

गेल्या वर्षीचा अकरा मार्च, इनिस जाण्याच्या आठ महिने आधी. तो स्टुलावर बसून तो दिवस आठवू लागला. कुणी हाक मारली होती का? फोन वाजला होता का? एखाद्या बोटीचा रेडिओ बिघडला म्हणून तो काम अर्धवट टाकून उठला होता का? काहीच आठवेना. त्या दिवशी काहीही झाले नव्हते. आदल्या दिवसासारखाच एक दिवस, आणि त्यात एक स्क्रू आवळायचा राहिला होता.

नेटाला इनिस सापडला तो डार्करूममध्ये, मोरी आणि टेबल यांच्यामध्ये पडलेला, एक बाही कोपरापर्यंत ओली. दोन वर्षांपूर्वी त्याला एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. हा दुसरा, असे डॉक्टरांनी लिहून दिले आणि कुणी काही विचारले नाही. शवपेटी खड्ड्यात सोडताना आठ दोऱ्यांपैकी एक गिल्बर्टच्या हातात होती.

त्याने काम केले. सोललेली वायर काढून नवी घातली, पेटीच्या कडेला रबर बसवले, दिवा ज्यामुळे मिणमिणत होता तो जळका सांधा खरवडून नव्याने जोडला. हिरव्या-पिवळ्या वायरची कडी घासून स्क्रूखाली आवळली आणि पक्कडीने ओढून पाहिली. मीटर तीनदा लावला. तिन्ही वेळा काटा हलला नाही. मग त्याने झाकण हातात घेतले, खोडरबर उचलले आणि तारखेवर टेकवले. शेवटी खोडरबर खणात टाकून त्याने जुन्या तारखेखाली आजची तारीख लिहिली.

तीनला तो स्लेटरांच्या दुकानामागच्या डार्करूममध्ये होता. नेटाने दार लावले, लाल दिवा लावला. एन्लार्जरचा उजेड आता स्थिर पडत होता. पहिला बेन फ्लेट. औषधाच्या तबकात कोरा कागद बुडाला आणि हळूहळू टोपी आली, भुवया आल्या, बेनचे ते तिरकस हसू आले. नेटाने तो धुऊन दोरीवर टांगला.

"झकास," ती म्हणाली. "हात चांगला आहे तुझा. इनिस नेहमी म्हणायचा."

गिल्बर्टने तिथेच भिंतीला पाठ टेकली.

दुसरा मर्डो, इंजिनवाला. कागद तबकात घालून नेटा तो चिमट्याने हलवत राहिली. तिची पाठ गिल्बर्टकडे होती.

"एक सांगू? कुणाला सांगितलं नाहीये. त्या दिवशी सकाळी मी त्याला कोळसा आणायला लावला. वजन उचलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण बहीण यायची होती एल्गिनहून, खोली गरम हवी म्हणून मी मागे लागले. दोन बादल्या आणल्या त्याने, वर जिना चढून. मग इथे आला. तासाभराने मी बघायला आले तर..." चिमटा थांबला, पुन्हा हलू लागला. "रोज सकाळी ती बादली उचलते ना, तेव्हा वाटतं, मीच मारलं त्याला."

"कोळशाने नाही गेला तो."

"तू कधीपासून डॉक्टर झालास?"

"अर्थिंगची वायर सुटलेली होती, नेटा." गिल्बर्टने पेटीकडे बोट केले. "मार्चमध्ये पेटी मीच उघडली होती. ती वायर परत लावायची मी विसरलो. आज मोजलं. पेटीच्या पत्र्यात पूर्ण वीज येत होती. त्याचे हात ओले असायचे. हृदयानेही गेला असेल, ते मला माहीत नाही. पण पेटी अशी होती."

नेटा वळली नाही. तबकात मर्डोचा चेहरा आला. गाल, हनुवटी, कानामागे खोचलेली सिगारेट. कागद औषधातून काढायची वेळ झाली आणि टळली. चेहरा गडद होत गेला. आधी डोळे बुडाले, मग तोंड, मग सगळा कागद काळा झाला.

मग तिने तो कागद चिमट्याने उचलला आणि बादलीत टाकला.

"आता बरोबर आहे पेटी?"

"आहे. तीनदा तपासली."

"हात ठेव तिच्यावर."

त्याने हात पुढे केला.

"तसा नाही. ओला करून."

गिल्बर्टने मोरीच्या नळाखाली हात धरला. पाणी बर्फासारखे होते. टपटपता तळवा त्याने पेटीवर पूर्ण टेकवला. आत ट्रान्सफॉर्मर बारीक गुणगुणत होता. लाल उजेडात नेटा त्याच्या हाताकडे बघत राहिली, तोंडाकडे नाही. त्यानेही हात काढला नाही.

"बास," ती म्हणाली. "पूस तो. अजून चार राहिलेत. तुझं काय करायचं, ह्याचा विचार मी रविवारनंतर करीन."

त्याने हात पँटला पुसला, पाकिटातून नवा कागद काढून पुढे धरला. त्याच्या बोटांना बोट लागू न देता तिने तो घेतला.