नमुना क्रमांक नऊ अजून तुटलेला नाही

तिला फेलोशिप मिळाली. अभियांत्रिकी आणि विज्ञानातली, पदवीनंतरची, तीन वर्षांची, चाळीस अर्जांत एकाला मिळते ती. पण ही बातमी तिच्या घरात अजून कुणाला कळलेली नाही, तेव्हा तुम्हालाही कळलेली नाही असं धरून चालू. सध्या तुम्हाला एवढंच माहीत आहे, की एका घराचं दार आपटतंय.

ते आपटायला लागलं दाराचा अडसर विद्यापीठात गेल्यापासून. त्या घरातून विद्यापीठात गेलेला तो दुसराच. पहिली ती.

अडसर म्हणजे क्रेनचा अर्धा हूक. मनगटाहून जाड, बावीस किलोचा. तिचे वडील लोखंड ओतायच्या कारखान्यात क्रेन चालवायचे. उंचावर काचेच्या खोक्यात बसून खालचं ओझं इकडून तिकडे न्यायचं, हे काम त्यांनी एकोणीस वर्षं केलं. सहा वर्षांपूर्वी, जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटं बाकी असताना, हूक तुटला आणि खाली उभ्या असलेल्या त्यांच्या जोडीदाराचा डावा पाय घोट्यापासून गेला. चौकशी समितीनं अकरा दिवसांत ठरवलं, की हूक धडधाकट होता आणि चालकानं ओझं हिसडा देऊन उचललं. वडील म्हणाले, हूक आतून सडला होता, वर्षानुवर्षांच्या ओढीनं थकला होता. समिती म्हणाली, बरं. आणि त्यांना घरी पाठवलं. निरोप समारंभ झाला नाही, म्हणून वडिलांनी भंगारातून तो तुटका हूक उचलला आणि स्वतःच स्वतःला भेट दिला. सायकलवरून आणला. सायकल त्यानंतर कधी सरळ चालली नाही.

तो पुरावा होता. पुराव्याला गंज चढू नये म्हणून वडिलांनी तुटलेल्या जागी कानस फिरवली, पॉलिश पेपर घासला आणि वरून चंदेरी रंगाचे दोन हात दिले. लोखंड कसं तुटलं हे त्याच्या तुटक्या तोंडावर वाचता येतं, हे ती पुढे शिकली. तोपर्यंत ते तोंड आरशासारखं गुळगुळीत झालेलं होतं. हे बाबांनी अडाणीपणानं केलं की शहाणपणानं, हा प्रश्न तिनं स्वतःला कधी विचारला नाही. म्हणजे एकदाच विचारला.

नोकरी गेल्यावर वडिलांना दोन छंद लागले. एक अर्जांचा. कारखान्याला, कारखान्याच्या वरच्यांना, वरच्यांच्या वरच्यांना. ‘तरी सदर प्रकरणाची पुनर्चौकशी व्हावी, ही नम्र विनंती.’ सहा वर्षांत उत्तर एकदाच आलं. अर्ज चुकीच्या आकाराच्या कागदावर असल्याचं. दुसरा छंद बुद्धिबळाचा. दर रविवारी ते जोडीदाराकडे खेळायला जायचे आणि हरून यायचे. सहा वर्षांत एकदाही जिंकले नाहीत. घरी मात्र ते तिला बारा चालींत गारद करायचे, आणि तेही पेपर वाचता वाचता.

“फेलोशिपचा अर्ज भर,” मार्गदर्शक मॅडम तिला म्हणाल्या. “आणि वडिलांचं लिही. समितीला आधी हुंदका लागतो. आलेख नंतर.”

“पण हूक सडका होता हे सिद्ध कुठं झालंय, मॅडम?”

“मग कर की सिद्ध. दोन नंबरचं यंत्र रिकामंच पडलंय.”

असा अडसर विद्यापीठात गेला. कार्यशाळेतल्या टर्नरनं त्याचे बोटाएवढे नऊ नमुने कातून दिले, मधे कंबर बारीक असलेले. दोन नंबरचं यंत्र असा एक नमुना दोन्ही टोकांना धरतं, ओढतं, सोडतं, पुन्हा ओढतं. सेकंदाला पाच वेळा, दिवसरात्र, नमुना थकून तुटेपर्यंत.

“लोखंड थकलं की त्याची एवढी चौकशी,” आई म्हणाली. ती दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीवर बसते आणि दिवसभर लोकांची दुखणी लिहून घेते. “मी थकले की मला कांदा चिरायला देता. आणि दार आता कशानं अडवायचं?”

दाराला आधी बूट लावून पाहिला. मग फेलोशिपची ब्याण्णव पानांची माहितीपुस्तिका. तिचा हा पहिला खरा उपयोग. तरी वारा आला की दार आपटायचंच.

अर्जाचा कच्चा खर्डा वडिलांनी लाल पेन घेऊन तपासला. अर्जांच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द शेवटचा.

“‘मला लहानपणापासून यंत्रांची आवड होती.’ खोटं. तू मिक्सरला घाबरून पलंगाखाली जायचीस.”

“सगळे तसंच लिहितात, बाबा.”

“आणि ‘मला वाटते’ खोड. ‘असे निदर्शनास आले आहे’ लिही. वाटण्याला कोण विचारतं? अन् शेवटी नम्र विनंती कुठाय?”

“याला विनंती नसते. आपण किती थोर आहोत ते सांगायचं असतं.”

“विनंतीशिवाय अर्ज?” वडिलांनी चष्मा काढला. “मग तो अर्ज नव्हे, साहेब, ती फुशारकी.”

ते तिला साहेब म्हणायचे. कारखान्यात साहेबांनी कधी कुणाचं ऐकून घेतलं नाही, घरात मात्र साहेबांना रोज ऐकावं लागायचं.

पहिले आठ नमुने तिनं जास्त ओझ्यावर ओढले. आठही तुटले. पण पुस्तकात चांगल्या लोखंडाला जिथं तुटायला सांगितलंय, बरोबर तिथंच तुटले. आज्ञाधारक पोरांसारखे. उरला नववा. त्याच्यावर तिनं तेवढीच ओढ लावली, जेवढी क्रेनच्या हुकावर रोजच्या कामात पडायची. लोखंड आतून सडकं असेल तर तो काही लाख ओढींत तुटायला हवा होता. आणि एक कोटी वेळा ओढूनही तुटला नाही, तर शास्त्र त्याला हात जोडतं आणि म्हणतं, हा आता तुटत नाही. एक कोटीला तेवीस दिवस लागतात. अर्जाची शेवटची तारीख चोविसाव्या दिवशी संध्याकाळी पाच.

बाकीच्या मुलींचे वडील दारात विचारतात, जेवलीस का, उशीर का झाला. तिचे वडील विचारायचे, “तुटलं का?”

“नाही, बाबा.”

“तुटेल. दमानं घे.”

पाचव्या दिवशी त्यांनी जोडीदाराला सांगून टाकलं, की पोरगी महिन्याभरात सगळं सिद्ध करणार. जोडीदारानं म्हणे फक्त वजीर पुढे सरकवला. पंधराव्या दिवसापर्यंत ते तिची वाट बघत दारात उभे राहायचे. विसाव्या दिवशी त्यांनी प्रश्न खुर्चीतूनच विचारला, आणि तोही दाराकडे न बघता.

चोविसाव्या दिवशी दुपारी बारा वाजता यंत्रावर आकडा होता नव्व्याण्णव लाख चाळीस हजार. तिच्याजवळ दोन अर्ज तयार होते. एकात हूक सडका होता, वडील निर्दोष होते आणि दुसऱ्या परिच्छेदात हमखास हुंदका होता. दुसरा कोरडा होता.

प्रयोगशाळेतले काका डबा घेऊन निघाले होते. तीस वर्षं ती यंत्रं त्यांच्या हाताखाली होती. जाता जाता त्यांनी यंत्राला कान लावला.

“ताई, हा तुटत नाही. आवाजच सांगतो. ठणठणीत आहे लेकाचा.”

“अजून तीन तास आहेत, काका.”

“तेवीस दिवसांत झालं नाही ते तीन तासांत काय होणार?” त्यांनी खिशातून छोटी कानस काढून टेबलावर ठेवली. “कंबरेवर एक खाच. नखाएवढीसुद्धा नको. मी जेवून येईपर्यंत दोन तुकडे.”

“आणि कुणी विचारलं तर?”

“लोखंड का थकलं हे कोण विचारतंय? मी इथं तीस वर्षं आहे, मला विचारलं कुणी?”

ते गेले. ती कानस हातात घेऊन बसली. यंत्र धकधक करत होतं. एक खाच, आणि बाबा सुटले असते. बाबा येत्या रविवारी बुद्धिबळात जिंकले असते. फेलोशिप मिळाली असती, हुंदक्यासकट. तिनं यंत्र थांबवायच्या बटणावर बोट ठेवलं. मग तिच्या ध्यानात आलं, की या लोखंडावर कानस फिरणार ती काही पहिल्यांदा नव्हे. त्याच्यावरून बाबांची कानस आधी एकदा फिरलेली आहे. आता आणखी एकदा फिरली, तर घरात खरं काय ते दोघांना ठाऊक असेल, आणि दोघं जन्मभर एकाच ताटलीतलं चोरून खाल्ल्यासारखं एकमेकांकडे बघत राहतील.

कानस तिनं काकांच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. तीन वाजून वीस मिनिटांनी आकडा एक कोटी झाला. घंटा वगैरे काही वाजली नाही. न तुटलेल्या नमुन्याच्या बिंदूला आलेखावर उजवीकडे जाणारा एक छोटा बाण काढतात. म्हणजे हा गेला, आणि अजून चाललाच आहे. तिनं तो बाण काढला. कोरड्या अर्जात एक वाक्य घातलं: ‘अर्जदाराने स्वतःच्या वडिलांचे म्हणणे तपासून पाहिले, ते टिकले नाही, असे निदर्शनास आले आहे.’ चार वाजून पन्नास मिनिटांनी अर्ज गेला. पाच वाजता काकांनी यंत्र बंद केलं, कारण रांगेत पुढचा नंबर कढईच्या कानाचा होता. कढया बनवणाऱ्यांना तो कान किती दिवस टिकतो हे हवं होतं.

घरी आली तेव्हा दार आपटत होतं. आई कामावरून यायची होती.

“तुटलं का?”

ती वाक्य जुळवून आली होती. बसमध्ये तीनदा म्हणूनही पाहिलं होतं. “नाही,” ती म्हणाली. “अजून चालू आहे.”

“किती झाले?”

“एक कोटी.”

वडिलांनी अर्जाच्या पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. दिवसाला साठ उचली, सुट्टी न घेता. “चारशे छप्पन्न वर्षं,” ते म्हणाले. “म्हणजे माझ्या पणज्याच्या पणज्यानं क्रेन चालवायला घेतली असती, तरी हा हूक...” त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

“त्या दिवशी घाई होती गं,” ते कागदाकडे बघत म्हणाले. “सुट्टी व्हायला पाच मिनिटं होती. तो खालून म्हणत होता, जेवून करू. मी म्हटलं, एवढं एक...”

वारा आला. दार धाडकन आपटलं. वडील दचकले आणि पुन्हा वडील झाले.

“हूकच सडका होता,” ते म्हणाले. “काही लोखंडं उशिरा तुटतात. यंत्र बंद करू नका म्हणावं. तसा अर्जच देऊन ठेव.”

“देते, बाबा.”

या गोष्टीला एकशे पन्नास दिवस झाले. रोज संध्याकाळी ते विचारतात, तुटलं का. ती म्हणते, अजून नाही. ते विचारतात, किती झाले. ती त्यात रोज चार लाख बत्तीस हजार मिळवून आकडा सांगते, कारण थाप झाली तरी हिशेब चुकता कामा नये. नमुना क्रमांक नऊ तिच्या कंपासपेटीत आहे. रविवारी वडील अजूनही हरून येतात. परवा तर सात चालींत हरले.

“मी काही विचारत नाही,” आई काल कपड्यांच्या घड्या घालताना म्हणाली. “पण पंख्याचं बिल बघून मला कळतं पंखा चालू आहे की नाही. तुझ्या यंत्राचं मला असंच वाटतं.”

“बिल विद्यापीठाला जातं, आई.”

“जाऊ दे. बाबांना नको सांगूस म्हणजे झालं.”

आणि आज ते पत्र आलं, जे तुम्हाला माहीत नाही. निवड समितीला इतर सर्व अर्जांतले हुंदके सारखेच वाटले होते. या अर्जातलं ‘ते टिकले नाही’ हे वाक्य मात्र त्यांना वैज्ञानिक प्रामाणिकपणाचा आदर्श वाटला. म्हणून ते वाक्य, अर्जदाराच्या नावासह आणि तिच्या वडिलांच्या नावासह, यंदाच्या माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर छापण्यात येणार आहे. पुस्तिकेची एक प्रत प्रत्येक विजेत्याच्या घरी पोस्टानं येईल. दाराला लावायला.

फेलोशिप नाकारली, तर वाक्य छापलं जाणार नाही. स्वीकारली, तर छापलं जाईल. वडील आतल्या खोलीत कारखान्याला पंचविसावा अर्ज लिहीत होते, या खेपेला योग्य आकाराच्या कागदावर. तिनं स्वीकृतीचा फॉर्म उघडला आणि ‘होय’वर खूण केली. मग ती फॉर्मच्या शेवटाकडे आली. तळाशी एक चौकोन होता: ‘इतर विनंती, असल्यास. मर्यादा पाचशे अक्षरे.’

फेलोशिपला विनंती नसते, असं तिनं वडिलांना सांगितलं होतं. तेही टिकलं नाही. तिनं लिहिलं:

‘महोदय, विषय: यंत्र क्रमांक दोन. सदर नमुना आजच्या हिशेबाने सात कोटी अठ्ठेचाळीस लाख वेळा ओढला गेला असल्याचे घरी कळवण्यात आले आहे. तरी नमुना क्रमांक नऊ पुन्हा यंत्रावर चढवण्यात यावा व तो आपोआप तुटेपर्यंत यंत्र बंद करण्यात येऊ नये. तोवर सदर पुस्तिकेची छपाई स्थगित ठेवण्यात यावी. नमुना तुटण्यास किती वर्षे लागतील हे शास्त्राला सांगता येत नाही. सबब, तो तुटेपर्यंत अर्जदाराचे वडील हयात राहतील अशी व्यवस्था आपल्या कार्यालयामार्फत करण्यात यावी, ही नम्र विनंती.’