पोटल्यांची सायकल

"मावशी, एक मिनिट! ही सायकल तुमचीच ना?"

सुरतेतल्या गोडादऱ्याच्या पुलाखाली मागून टेम्पोवाला हॉर्नवर बसलेला, पुढे रिक्षा आडवी, आणि अशा वेळी कुणी सायकल तुमचीच का म्हणून विचारलं तर बाईमाणूस घाबरणारच. उषाबाईला वाटलं, चोरीबिरीचा काहीतरी मामला आहे. तिने हँडल आणखी घट्ट धरलं.

"माझीच. म्हणजे ह्यांची. पण असते माझ्याकडे."

विचारणारी मुलगी गळ्यात ओळखपत्र अडकवून उभी होती. नाव साक्षी, राहणार भेस्तान. शहरात सायकलसाठी वेगळे रस्ते व्हावेत म्हणून खटपट करणाऱ्या एका संस्थेत ती कामाला होती. मराठी बोलणारी बाई भेटली याचाच तिला कोण आनंद झाला आणि तिने भराभर प्रश्न टाकले. सायकल रोज वापरता? रोज. कधीपासून? मुलाचं, ललितचं लग्न झालं तेव्हापासून. कामासाठी? मग काय हौसेसाठी, बाई? आणि भीती वाटते का रस्त्यावर?

 हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता. पुलाखालच्या त्या रस्त्याला कड अशी नव्हती. गटाराची झाकणं संपली की लगेच गाड्या. मागच्या दिवाळीच्या तोंडावर एका टेम्पोच्या कडीत साड्यांची पोटली अडकली आणि उषाबाई सायकलसकट फरफटत गेली. हात कसाबसा वाचला. घरी तिने सांगितलं, पाय घसरला.

"वाटते," ती म्हणाली. "रोज निघताना पोटात गोळा येतो. पण सांगणार कुणाला?"

साक्षीने खटाखट फोटो काढले आणि "थँक्यू हां मावशी" म्हणून ती गर्दीत दिसेनाशी झाली.

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकलेली बरी, म्हणजे पुढे घोटाळा नको. उषाबाई त्या सायकलवर जन्मात कधी बसलेली नव्हती. तिचं काम साड्यांचं. पर्वत पाटियाजवळच्या शेठच्या गाळ्यावरून साड्यांच्या पोटल्या आणायच्या, गल्लीतल्या बायकांकडून त्यांना टिकल्या चिकटवून घ्यायच्या आणि परत पोचवायच्या. एक पोटली कॅरिअरवर, दोन हँडलच्या दोन बाजूंना, आणि मधे सायकल हाताला धरून उषाबाई चाललेली, असा तो सगळा संसार होता.

सायकल मूळची तिच्या नवऱ्याची, धुडकूची. धुळ्याकडून सुरतेत आला तेव्हापासून तो कापड विणायच्या लूमवर होता आणि लूमच्या खडखडाटाने हळूहळू त्याचे कान नेले. रस्त्यावर मागून हॉर्न वाजला तरी त्याला पत्ता नसायचा. दोनदा गाडीने उडवला. दुसऱ्या खेपेला मुलाने, ललितने, सायकलीला कुलूप घातलं आणि किल्ली आईच्या हातात दिली. ललित आता भेस्तानला वेगळा राहतो, पण कुलूप घालायला हक्काने आला होता. सायकल दारात उभीच आहे तर डोक्यावर ओझं का वाहा, म्हणून उषाबाईने ती कामाला लावली. धुडकू एका गोडाऊनवर वॉचमन म्हणून लागला आणि शेअर रिक्षात तोंड पाडून बसून जाऊ लागला. सायकलवरचा धुडकू आणि रिक्षातला धुडकू ही दोन वेगळी माणसं होती, हे तिला दिसत होतं. पण इलाज काय?

त्या संध्याकाळी तिने त्याच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं. त्याला त्यातलं सायकल तेवढं समजलं.

"लई जातीन?" सायकल कुणी नेणार असं वाटून तो भडकला. "मन्ही सायकल काबर लई जातीन?"

"कोनी लई जात नही! येगळा रस्ता करतीन, सायकलसाठे!"

"तठे गाड्या नही?"

"नही!"

धुडकूने उठून दारातल्या सायकलीची घंटी पुसली. 

दोनेक महिन्यांनी साक्षी खमणचा पुडा घेऊन दारात हजर. खाटेवर बसून तिने सांगितलं ते असं: दिल्लीची एक मोठी संस्था शहरांना सायकलचे रस्ते बांधायला अनुदान देते. बऱ्याच शहरांनी अर्ज केलेत. आपल्या अर्जात ज्या रस्त्यांवर सायकलपट्टा मागितलाय त्यात पुलाखालचा हा रस्ता आहे, आणि अर्जाच्या पहिल्याच पानावर उषामावशींचा फोटो आहे! कामाला सायकलने जाणारी बाई दाखवणं कुठल्याच शहराला धड जमलेलं नाही. दिल्लीच्या मॅडम पुढच्या आठवड्यात बघायला येताहेत आणि त्यांना मावशींना सायकल चालवताना बघायचंय.

"बसून?" उषाबाईने विचारलं.

साक्षी हसली. "मग कसं?"

"मला कुठे बसता येतं, बाई?"

साक्षीच्या हातातलं खमण हातातच राहिलं. "पण मावशी, तुम्हीच म्हणालात, रोज सायकल..."

"रोज नेतेच की. हाताला धरून. तू तर डोळ्यांनी बघितलंस मला."

"मला वाटलं, गर्दी आहे म्हणून उतरलात."

 चूक कुणाची म्हणायची? विचारणारीने विचारलं होतं, सांगणारीने खरं तेच सांगितलं होतं, आणि दिल्लीला पोचलं ते तिसरंच. उषाबाईच्या मनात मात्र दुसरंच काही घोळत होतं.

"तो पट्टा झाला तर त्यात मला अशीच जाऊ देतील ना? धरून?"

"हो... म्हणजे, पट्टा सायकलवाल्यांना. पायी जाणाऱ्यांना फुटपाथ असतो."

"मग मी कोण?"

साक्षीने पिशवीतले कागद उलटून पाहिले. तिच्या सर्वेत हा प्रश्न नव्हता. शेवटी ती रडवेली होऊन म्हणाली, "मावशी, आठ दिवस आहेत. शिकून घ्या ना! पाण्यात पडलं की पोहता येतं."

पाण्यात पडायला हरकत नव्हती, पण सोसायटीमागच्या मैदानात खडी पडलेली होती. शेजारच्या इंदुबाईच्या नातीची लेडीज सायकल मागून आणली. गुरुजी अर्थात धुडकू. कितीतरी दिवसांनी त्याच्या अंगात वारं संचारलं होतं. उषाबाईने पदर खोचला, साडी सावरली, बसली. धुडकूने मागून कॅरिअर धरलं.

"खाले देखू नको! म्होरे देख!"

"सोडू नका! धरी ठेवा!"

ती जिवाच्या आकांताने ओरडत होती आणि ऐकणारा बहिरा. बायको झकास जातेय असं समजून त्याने खुशाल हात सोडला. उषाबाई चार हात गेली आणि खडीच्या ढिगात पडली. गल्लीतली पोरं हसली, इंदुबाई तोंडाला पदर लावून हसली, आणि धुडकूसुद्धा तिच्या गुडघ्यावरची माती झटकता झटकता हसला. "तुले हाई जमाव नही," तो म्हणाला. मग न राहवून स्वतःच त्या लेडीज सायकलवर बसला आणि मैदानाला एक फेरी मारून आला, पोरासारखा. उषाबाई गुडघा चोळत बघत राहिली. तिला रागही आला आणि भरूनही आलं.

आठ दिवस संपले, शिकणं काही झालं नाही. गावाकडे म्हणतात तसं, धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. बसते म्हणावं तर पडणार. बसत नाही म्हणावं तर खोटी ठरणार आणि पट्टा जाणार. आणि तिला पट्टा हवा होता. आधी नव्हता तेव्हा हवासा वाटायचं कारण नव्हतं, पण गाड्यांवाचूनचा रस्ता असतो हे एकदा कानावर पडल्यापासून पोटातला गोळा दुप्पट झाला होता.

दिल्लीच्या मॅडम आल्या. सोबत संस्थेचे सर, एक इंजिनिअर, आणि मागे खाली मान घातलेली साक्षी. उषाबाई रोजच्यासारखी पोटल्या लादून पुलाखाली उभी होती. साक्षीने डोळ्यांनी विचारलं. उषाबाईने मान हलवली, पण हो की नाही ते तिचं तिलाही कळलं नाही.

"चलिए, दिखाइए," मॅडम हसून म्हणाल्या.

उषाबाईने स्टँड काढला आणि चालायला लागली. मंडळी मागून. आता बसेल, मग बसेल, म्हणून कॅमेरेवाला पुढे उलटा उलटा पळत होता. झाकणं संपली, रिक्षास्टँड गेलं, तरी बाई चालतेच आहे. शेवटी मॅडमनी विचारलं, "आप बैठेंगी नहीं?"

उषाबाई थांबली. 

"मेरे को बैठने को नही आता, मॅडम. खोटं नही बोलेगी. पोरीची चूक नही, मेरी बी नही. लेकिन डर लगता है ना, वो सच्चा है."

सरांचा चेहरा लाल झाला. इंजिनिअर पुलाकडे बघू लागला. मॅडम पुढे आल्या आणि त्यांनी सायकल हातात मागितली. उषाबाईने दिली. त्याबरोबर सायकल पोटल्यांसकट त्यांच्या अंगावर कलली आणि सगळ्यांनी धावून धरली. मग मॅडम सरांशी इंग्रजीत खूप वेळ बोलल्या. वाखाणत होत्या की झाडत होत्या, उषाबाईला काही केल्या कळेना. जाताना त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. तोही कसा धरला, कीव करून की कौतुकाने, ते कळलं नाही.

घरी येऊन ती रडली. साक्षीची नोकरी जाणार आणि पट्टाही जाणार, असं तिने धरूनच टाकलं.

तर झालं भलतंच. पैसे मंजूर झाले. साक्षी फोनवर किंचाळत होती. उषाबाईच्या खरेपणामुळे मिळाले, खरेपणा असूनही मिळाले, की दिल्लीवाल्यांनी आधीच ठरवलं होतं, हे साक्षीला माहीत नव्हतं आणि सरांनाही नव्हतं. पुलाखाली फलक लागला. त्यावर उषाबाई सायकलजवळ उभी. फोटोतून पोटल्या कापून टाकलेल्या होत्या.

पुढच्या थंडीत पट्टा तयार झाला. हिरवा रंग, दोन्ही बाजूंना कठडा. उषाबाई त्या दिवशी ठेवणीतली साडी नेसून निघाली. पट्ट्याच्या तोंडाशी आली आणि थांबली. मोटारसायकली घुसू नयेत म्हणून तिथे लोखंडी खांब रोवले होते. सायकल जाईल एवढी फट होती, पोटल्या जातील एवढी नव्हती. तिने सायकल तिरपी केली, मागे घेतली, पुन्हा घातली. शेवटी पोटल्या उतरवून एकेक आत नेल्या, मग सायकल नेली, पुन्हा लादलं. पुढच्या गल्लीच्या तोंडाशी पुन्हा खांब. त्याच्या पुढच्याही. गाळ्यावर पोचली तेव्हा दुपार कलली होती आणि शेठ वाट बघून वैतागला होता.

बाहेरचा रस्ता पट्ट्याने आणखी अरुंद केला होता. तिथे टेम्पो आता अंगाला घासूनच जात. उषाबाईने दोन दिवस तिथून जाऊन बघितलं आणि तिसऱ्या दिवशी एक पोटली डोक्यावर घेऊन पट्ट्यात शिरली. कुणी अडवलं नाही. सायकलवर बसलेला माणूस आत जात होता, डोक्यावर ओझं घेतलेली बाईही आत जात होती. पोटल्यांची सायकल तेवढी जात नव्हती. हसावं की रडावं, तिला समजेना. पोटातला गोळा गेला होता, हे मात्र खरं. सायकलीआधीची मानेची कळ परत आली होती, हेही खरं. तीन पोटल्यांच्या आता तीन खेपा झाल्या होत्या.

सायकल दारात उभी राहिली. धुडकू येता जाता तिच्यावरून हात फिरवायचा, मागत नव्हता. एके सकाळी उषाबाईने कोनाड्यातला किल्ल्यांचा जुडगा काढला, सायकलची किल्ली सोडवली आणि त्याच्या हातावर ठेवली. 

"आते तठे गाड्या नहीत," ती त्याच्या कानाशी ओरडली.

त्याने सायकल धुतली, चेनला तेल घातलं, डबा हँडलला अडकवला.

"चाल," तो म्हणाला, "संगे जाऊत."

दोघं खांबांमधून आत शिरली. तो सायकलवर, ती शेजारून, डोक्यावर पोटली. तिच्या चालीने जायचं म्हणून तो पायडल अगदी हळू मारत होता, पण इतक्या हळू सायकल उभी राहत नाही. ती डुगडुगायला लागली. त्याने एक पाय टेकला, पुन्हा निघाला, पुन्हा टेकला. उषाबाईने एका हाताने पोटली सावरली आणि दुसऱ्याने खूण केली, जा.

तो जरा घुटमळला. मग त्याने जोराने पायडल मारलं आणि पाठ ताठ करून निघाला. पुढे सगळा पट्टा मोकळा होता, तरी तो घंटी वाजवत चालला होता. त्याला ती ऐकू येत नव्हती. उषाबाईला बराच वेळ ऐकू येत राहिली.