सहा जणींचं कोलम

मी एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न बोलतेय. रुपये नव्हे हो, नुसती संख्या. तंजावुरात भामाच्या दारातल्या कोलममध्ये, म्हणजे तिकडच्या रांगोळीत, तांदळाच्या पिठानं मी साठ वर्षं उमटले. आता तिथं मला जागा नाही.

भामा सून होऊन आली तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं. पाढे तेवढे ऐकून ऐकून तोंडपाठ. तिचे सासरे बाळकृष्णराव शाळामास्तर. त्यांनी दारात सहा ठिपके गोल मांडले, त्यांवर आकडे घातले: एक, चार, दोन, आठ, पाच, सात.

"भामा, ह्या सहा जणींची दुप्पट कर बघू."

केली. तेच आकडे, तीच रांग, सुरुवात फक्त दोनापासून. तिप्पट केली तर चारापासून. सहापटीपर्यंत माझी फेरी मोडत नाही. सातपट केली की सहाही घरांत नऊ. आणि समोरासमोरच्या दोघी मिळवा, तरी नऊच. एकासमोर आठ, चारासमोर पाच, दोनासमोर सात.

"एक विसरलीस तर तिच्या समोरचीला विचार," सासरे म्हणाले.

तेव्हापासून रोज सकाळी ती मला मांडायची. लेक साईराम हसायचा, "अम्मानं दारात टेलिफोन नंबर लिहिलाय." ती म्हणायची, "सहा नऊ आले की कळतं, डोकं जागेवर आहे."

पोंगलनंतर तिचं उजवं अंग लुळं पडलं. डाव्या हातानं मला मांडू लागली. परवा मांडताना थबकली. एक, दोन, आठ, सात आले. चार गेला. समोर पाहिलं, तर पाचही गेलेला. विचारायचं कुणाला? घरातल्यांनी मला रोज ओलांडलं, पाठ कुणीच केलं नाही.

कॉलेजात शिकवणारी सून, शांभवी, कॅल्क्युलेटर घेऊन पायरीवर बसली. भामानं रिकाम्या घरांत तीन आणि सहा घातले. "याची सातपट सांग गे."

"नऊ लाख तीस हजार एकोणसत्तर, अम्मा."

"सहा नऊ नाहीत?"

"नाहीत."

"बरं. मग माझंच संपलं." असं म्हणून तिनं तळहातानं मला पुसलं. त्यानंतर तिला स्वतःचं नाव विचारलं तरी ती सांगत नाही. म्हणते, "चुकेल."

साईरामनं प्लास्टिकचं कोलम आणून चिकटवलं. "आता वाकायला नको, वर्षभर जात नाही." बिचाऱ्यानं मायेनंच केलं.

संख्या मरत नाही, ठाऊक आहे मला. पण भामा खचली, आणि तिला उठवायला मीच पुरे होते. शांभवी अजून तिच्याजवळ बसते, कॅल्क्युलेटर मांडीवर असतो. त्यात मी आहे. मला हाक मारता येत नाही. तुम्ही त्या बाजूला जाल तर एवढं सांगा तिला: एक दाब, भागाकार दाब, सात दाब, बरोबर दाब. चार बटणं, बाई. दशांशाच्या ठिपक्यापुढं मी उभी आहे, चारासकट, पाचासकट.

लवकर सांगा. भामा अजून दाराकडेच तोंड करून बसते.