टर्नरमामांची रिंग

टर्नरमामांचा माल तिसऱ्यांदा नापास झाला, आणि नापास करणारी होती त्यांचीच सून.

माल म्हणजे आम्लाच्या पंपात बसणाऱ्या टेफ्लॉनच्या रिंगा. टेफ्लॉन हे भलतंच कोडगं प्लास्टिक. जळजळीत आम्लात बुडवा, ढिम्म हलत नाही. काही चिकटवायला जा, चिकटू देत नाही. ते लेथ यंत्रावर फिरवून कापण्यात मामांचा एकतीस वर्षांचा हात बसलेला. तरी कारखान्याच्या तपासणीच्या खोलीतून सुनेची चिठ्ठी यायचीच: 'बारा शतांश मिलिमीटर लहान.'

घरी अबोला. एकाच टेबलावर जेवताना सासूबाईंमार्फत निरोप चालत.

"तिला म्हणावं, मायक्रोमीटर तपासून घे."

"आई, बाबांना सांगा, चष्मा तपासून घ्या."

आता आणखी एक खेप नापास झाली की मामांची लेथ काढून घेऊन त्यांना खोकी भरायला बसवणार, असं फोरमनने बजावलं होतं. मामा वरून तडतडत, पण आतून पार धास्तावले होते. त्यांनी गुपचूप डोळेही तपासून घेतले. नजर ठणठणीत निघाली, तेव्हा तर त्यांना जास्तच भीती वाटली. म्हणजे हातच गेला की काय?

चौथ्या खेपेची पहिली रिंग लेथवरून उतरताच ती मुठीत धरून ते तडक सुनेच्या खोलीत शिरले.

"माझ्यासमोर मोज."

तिने मोजली. माप तंतोतंत!

"आज बरी बरोबर आली?" ती म्हणाली.

झालं! अर्धा तास दोघं मागच्या तीन खेपांवरून भांडले. शेवटी तोंड बंद करायला तिने रिंग पुन्हा मोजली. बारा शतांश लहान.

मामांच्या अंगावर काटा आला होता.

"केवढं गारठवलंयस गं इथे!" ते म्हणाले, आणि दोघांनी एकदमच रिंगेकडे पाहिलं. बाहेर शेडचा पत्रा तापलेला, इथे एसी. आम्लाला भीक न घालणारी ती रिंग गारठ्याने आकसत होती!

"ड्रॉइंगवर वीस अंश तापमानाचं माप आहे, बाबा. शेडमध्ये जरा मोठी कापावी लागेल."

"कापतो की."

फोरमन चौकशीला आला. "चूक कोणाची?"

"हवेची," सून म्हणाली.

जेवताना मामा थेट तिच्याशीच बोलले. "डोळे तपासून आलो होतो मी. घाबरलो होतो गं."

सुनेने मान खाली घातली. "मीपण मायक्रोमीटर तपासून आणला होता. दोनदा."

सासूबाईंनी डाव खाली ठेवला. "मग पंधरा दिवस मी घसा कशाला फोडत होते?"