येऊन राह्यलो

"बाबा, आज कितवा तुकडा?" फोनवर नीलिमानं विचारलं.

"दोनशे सव्वीस," दादाजी म्हणाला. "जाऊन राह्यलो ना रोज."

नीलिमा भद्रावतीला शाळेत गणित शिकवते. पोळ्याला माहेरी आली तेव्हा बापाला बजावून गेली होती, "रोज थोडं थोडं समोर सरका, पण त्या मोहाखाली एकदा जाऊन या."

घरामागच्या कुंपणापासून मोहाचं झाड सहा बांबूंवर. मागच्या चैत्रात तिथंच त्याच्या बायकोला, कमळाला वाघानं नेलं. त्या पहाटे फुलं वेचायला निघताना तिनं हाक मारली होती, "अजी, येता का?" दादाजी टोपलीचा काठ वळत होता. "तू चाल समोर, मी येऊनच राह्यलो," म्हणाला आणि बसूनच राहिला. तेव्हापासून रोज पहाटे तीच हाक त्याला ऐकू येई, आणि रोज तो तेच उत्तर देई. त्या हाकेनं जीव अर्धा व्हायचा. पण झाडाखाली पोहोचलो तर तीही बंद होईल, ही भीती त्याहून मोठी होती.

म्हणून त्यानं शक्कल काढली. लेकीचा शब्द मोडायचा नाही आणि पोहोचायचंही नाही. बुरुडाचा हात तो, लबाडीसुद्धा मापात करणार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, कुंपणापासून अख्खा तीस फुटी बांबू वाटेवर टाकला आणि तेवढंच चालला. दुसऱ्या दिवशी तिथून पुढं अर्धा, मग बांबूचा तिसरा हिस्सा, मग चौथा. असं घटत गेल्यावर काय पोहोचतंय माणूस! बांबूभर वाट सरली की एक धोंडा ठेवी. पहिला पहिल्याच दिवशी, दुसरा चौथ्या, तिसरा अकराव्या, चौथा एकतिसाव्या, पाचवा त्र्याऐंशीव्या. सहावा या जन्मी पडत नाही, म्हणून गडी निवांत होता.

"आता दोरा मावेल एवढीच फट राह्यली," तो फोनवर म्हणाला. "पण राह्यली."

"उद्याचा तुकडा दीड इंचाचा आहे, बाबा." नीलिमाचा आवाज खाली आला. "तुम्ही चुकले. दरवेळी अर्ध्याचं अर्धं केलं असतं, तर दोन बांबूंच्या पुढं गेलेच नसते. तुमची बेरीज मात्र तुकडा कितीबी लहान झाला तरी वाढतच जाते. सहा काय, साठ बांबू होतात."

"मले काऊन सांगितलं नाई?"

"सांगितलं असतं, तर थांबले असते."

पहाटे हाक आली. दादाजीनं उत्तर दिलं नाही. तुकडा घेऊन तो निघाला. मोहाच्या बुडाशी कमळाची टोपली वर्षभर तशीच पडून होती, कोणी हात लावला नव्हता. काळी पडली होती, आणि यंदाची फुलं तिच्यात साचली होती. त्यानं तुकडा ठेवला, पाय समोर टाकला, टोपली उचलली. बूड मातीतच राहिलं.

"आलो, कमळा," तो म्हणाला.

मग खांद्यावरचा दुपट्टा पसरून ऊन चढेपर्यंत त्यानं फुलं वेचली, तिच्यासारखीच एकेक झटकून.

दुसऱ्या पहाटे तो अंथरुणात उठून बसला, कान देऊन. खूप वेळ बसला. कोंबडी बाहेर पडली, शेजारच्या चुली पेटल्या. हाक आली नाही.

"येऊन राह्यलो," तो तरीही म्हणाला.