चेहरा दाखवायला हरकत नाही

बाबांच्या जलदानविधीच्या बॅनरसाठी फोटो हवा होता. घरात एकच, आधार कार्डावरचा, आणि त्यात ते कोर्टात उभं केल्यासारखे दिसतात.

"जयंतीतला काढ की," आई म्हणाली. "हसायले हुते बघ त्यात. तूच दाखवला हुतास."

दाखवला होता. माझी पीएच.डी. गर्दीवर आहे. लोक जमले की कोण पुढं सरकतं, कोण कडेला राहतं, हे फोटोंवरून शोधायचं. त्यासाठी आमच्याच बोरी गावातल्या भीमजयंतीच्या मिरवणुकीचे मी शाळेच्या कट्ट्यावरून दर दहा मिनिटांनी फोटो काढले. माणसांना नंबर दिले. बाबा एकतीस नंबर. निळा फेटा, हात वर, तोंडभर हसू.

मागच्या महिन्यात गाईड सरांनी नियम वाचून दाखवला. ज्यांची संमती नाही त्यांचे चेहरे पुसायचे, त्यांचे मूळ फोटो ठेवायचे नाहीत. आता एकेक संमतीचा फॉर्म काढून कोण बघत बसणार? मी कॉम्प्युटरला सरसकट सगळेच चेहरे पुसायला लावले आणि सगळे मूळ फोटो उडवून टाकले. सुंठीवाचून खोकला गेला, असं वाटलं होतं. बाबा तेव्हा धडधाकट होते.

मी आईपुढं लॅपटॉप उघडला. फेटा होता, हात होता. मधे ओल्या पाटीवर खडू फासल्यासारखा डाग.

"ह्येच हायेत," ती म्हणाली. मग डागावर बोट ठेवून, "तोंड कुठं गेलं, सुके?"

"मी पुसलं."

बाबांना जाऊन चार दिवस झाले होते आणि मला रडू आलं नव्हतं. हे बोलतानाही आलं नाही. आईनं आधार कार्ड पदरानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

बॅनरवाल्याकडं निघण्याआधी मी फॉर्मांचा गठ्ठा सोडला. कशासाठी, ते मलाच ठाऊक नाही. बाबांचा सगळ्यात वर होता, कारण पहिला त्यांनीच भरला होता. 'चेहरा दाखवायला हरकत नाही' ह्या चौकोनात बरोबरची खूण होती. तेवढ्यावर त्यांचं भागलं नव्हतं. खाली 'इतर सूचना' असं छापलं होतं, तिथं चौथी शिकलेल्या माणसाच्या ठसठशीत अक्षरात त्यांनी लिहिलं होतं:

"पोरीच्या पुस्तकात माझं तोंड दिसू द्यावं. माझ्या बापानं जलमभर खाली घातलं."